डोंगरगाडीची पहिली फेरी

आबा, मी तुमच्याशी भांडायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही होतात तेव्हा माझी कधी छाती झाली नाही. तुम्ही ओरडायचा नाहीत, हात उगारायचा नाहीत, नुसते बघायचात आणि समोरच्याची बोलती बंद व्हायची. आता तुम्हाला जाऊन बावीस वर्षं होत आली. आता काय बघणार आहात? परवापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फळ्यावर एक लिहायला जाते आणि दुसरंच लिहिते. काल आमटीत दोनदा मीठ घातलं. तुमच्या फोटोसमोरून जाताना मान वळवून जाते, आणि आई ते बघते.

परवा शाळेची सहल घेऊन मी तुमच्या बागेच्या जागेवर गेले होते. शिळफाट्यावरून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला ती बाग होती. बोर्डावर तिचं काहीतरी भारदस्त नाव होतं, पण आपण सगळे बागच म्हणायचो आणि तुम्ही तिथले फोरमन. तुम्ही जायच्या आधीच ती बंद पडली, मग तिथे रान माजलं, आणि आता कोणी ती जागा घेऊन तिथे मोठं पार्क उभारलं आहे. काचेची दारं, रंगीत कमानी, दर दहा पावलांवर सेल्फीची जागा. मी शाळेत लागले ते तुम्ही पाहिलंत. नातीला मात्र पाहिलं नाहीत. ती आता आठवीत आहे, माझ्याच शाळेत, आणि परवाच्या चाळीस मुलांमध्ये तीही होती. शाळेत ती मला मॅडम म्हणते, घरी आई. दोन्हीकडे ऐकत नाही.

आमचा बसवाला भलताच उत्साही निघाला. कर्जतहून आठच्या ठोक्यालाच निघालो आणि पार्क उघडायच्या तासभर आधी फाटकापाशी पोचलो. मुलांचा कालवा ऐकून तिथल्या माणसांनीच आम्हाला आत घेतलं आणि एका मांडवाखाली डबे खायला बसवलं. मी पाय मोकळे करायला म्हणून निघाले आणि चालता चालता थबकले. मागे खिंड तीच, डोंगरावरून उतरणारे वीजघराचे पाण्याचे पाइप तेच, खाली कापणी झालेली खाचरं तीच. म्हणजे मी बरोब्बर तिथे उभी होते जिथे तुमची डोंगरगाडी होती. आणि तिच्या जागी, आबा, काय उभं आहे म्हणून सांगू! निळेशार लोखंडी नळ, एकेक माझ्या कमरेएवढा जाड, वर आभाळात जाऊन स्वतःभोवतीच वळलेले. गाडी त्यावरून जाते, मध्ये चक्क उलटी होते, माणसं खाली डोकं वर पाय. माझे डोळेच पांढरे झाले.

तुमच्या डोंगरगाडीला सहा डबे होते, आठवतंय ना? पुढच्या डब्याला मोराचं तोंड आणि त्या मोराची चोच कोणीतरी केव्हाच मोडलेली. साखळी गाडीला वर ओढून न्यायची तो खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. वर पोचल्यावर क्षणभर गाडी थांबल्यासारखी व्हायची, तेवढ्यात खालची खाचरं, म्हशी, हायवेवरचे ट्रक सगळं बघून व्हायचं आणि मग ती खाली सुटायची. सुटायची म्हणजे किती, तर घाटातून उतारावर सायकल सोडावी इतकीच. लोक किंचाळायचे कमी आणि हसायचे जास्त. मांडीवर आडवा लोखंडी दांडा, बस्स. आणि खाली फलाटावर तुम्ही, लाकडी मुठीचा ब्रेक दोन्ही हातांनी धरून. सगळी गाडी तुमच्या दंडाच्या जोरावर थांबायची. नव्या गाडीला साखळी नाही, ब्रेकवाला नाही, खडखडाट तर नाहीच. चुंबकाने ढकलतात म्हणे. एकाचाही पट्टा नीट बसला नसेल तर गाडी जागची हलत नाही, काँप्युटर हलूच देत नाही. खाचरं, म्हशी काही दिसत नाहीत, दिसायला वेळच मिळत नाही. आणि सगळ्यात वर कॅमेरा बसवलाय, तो तुमचं घाबरलेलं तोंड टिपतो आणि उतरल्यावर तेच तोंड तुम्हाला विकत देतात.

गाडी चालवायला एक मुलगी होती, पंचविशीची, डोक्यावर टोपी, कमरेला वॉकीटॉकी. मी कर्जतची म्हटल्यावर ती हिंदी सोडून लगेच आपल्या बोलीवर आली. कर्जतजवळच्या कळंबची निघाली. "तुमी आपल्याकडच्याच काय! मंग या की पुडं, बगा," म्हणाली. गाडीच्या सगळ्या जागांवर पिवळ्या प्लास्टिकचे पुतळे बसवलेले होते. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं धड आणि मांड्या, आणि प्रत्येकाला पट्टा. मी विचारलं, हे कोण पाहुणे? ती हसली. "पानी भरलंय त्यांच्यात. मानसायेवडं वजन. रोज सकाळी आदी हे तीनदा जाऊन येतात, मंग आमी स्टाफ बसतो, मंग पब्लिक." गाडी सूंकन गेली, उलटी झाली आणि पुतळ्यांना घेऊन परत आली. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. इथे जुनी गाडी होती ना, तिची पहिली फेरी माझी असायची. माझे वडील फोरमन होते." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "पयली फेरी? पयली फेरी मानसाची नसतेच कदी, मॅडम."

रविवारची सकाळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून नेताय, मी दोन वेण्या वर बांधून, रिबिनी लावून, फ्रॉकला इस्त्री करून. मोराच्या डब्यात मी एकटी. मी काटकुळी म्हणून तो दांडा माझ्या मांडीला टेकायचा नाही, तेव्हा तुम्ही खांद्यावरचा पंचा काढून मला दांड्याशी बांधायचात, दोन गाठी, वरून एक हिसका. "पयली फेरी तुजी गं," म्हणायचात. मे महिन्यात तर रोज. शाळेत मी काय भाव खायचे त्यावर! मुंबईची माणसं रांगेत उभी आणि मी, खेडवळ पोरगी, सगळ्यांच्या आधी. अख्ख्या आयुष्यात मला कोणी इतकं डोक्यावर घेतलं नाही. आणि परवा, साडेनऊ वाजता, त्या पिवळ्या पुतळ्यांच्या शेजारी उभी राहून मला कळलं की माझी जागा त्यांची होती.

तरी मी तुमची बाजू घेतली. त्या टोपीवाल्या मुलीला म्हटलं, असेल बाई, तेव्हा असंच करत असतील. ती हुशार. तिने विचारलं, वजन किती होतं तुमचं? असेल पंचवीस-तीस किलो. "मंग त्यात काय कळनार? ट्रायल भरल्या गाडीवरच घेतात. येकटी पोर बसवून कायबी उपेग नाय," म्हणाली आणि पुतळे उतरवायला गेली. म्हणजे पुतळा म्हणूनही माझा उपयोग नव्हता. मग कशासाठी? तुम्ही वेडे नव्हता. नट हातात घेऊन त्याचं वजन सांगणारा माणूस तुम्ही. मी तिथेच कठड्यावर बसले.

तेवढ्यात मला काकांनी ओळखलं. काका म्हणजे तुमचे तेच सोबती, आपल्या भावकीतले, तुमच्या हाताखालचे फिटर. ते अजून तिथेच आहेत. आता झाडांना पाणी घालतात. गुडघे गेलेत, डोळे चांगले आहेत. पाइप तसाच टाकून आले आणि माझ्या गालावरून ओला हात फिरवला. मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुला खरंच म्हायती नाय? मला वाटलं, बानं कवातरी सांगितलं असंल."

मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. तुम्हाला नवीन नाही, पण मला लिहायचं आहे. "आमी चौघं फिटर. शनवारी रुळावरनं चालत जायचं, पान्यानं येक-येक नट आवळायचा, आवळला की त्यावर खडूची रेघ मारायची. शेकड्यानं नट. उनात कोन आवळतंय? आमी नुसत्या रेघा मारत जायचो. येकदा खाली गवत कापनाऱ्या बाईला बोल्ट गावला, रुळाचा. तिनं आनून तुज्या बाच्या हातावर ठेवला. बा वर जाऊन बगून आला. रेघ व्हती, नट नव्हता. मालकाला सांगितलं असतं तर आमी चौघंबी घरी. चौघं भावकीतले, रोज तोंड बगायचं. बा कायच बोलला नाय. रविवारी तो तुला घेऊन आला, पंच्यानं बांधलं, ब्रेक धरला आनि आमच्याकडं नुसतं बगितलं."

काका हसत होते, आबा. डोळ्यांत पाणी आणि हसत होते. "मी वरडलो, फोरमन, थांब, अर्धा तास दे! चौघंबी पाने घेऊन रुळावर पळालो. तू तितं डब्यात बसलेली, आमाला वर बगून हात हालवत व्हतीस." ते मला आठवतंय. उन्हात खूप वेळ बसल्याचं, आणि वर चार माणसं धावत असल्याचं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी गाडी सजवताहेत. मी हात हलवला होता. "त्या दिसापास्नं रेघ मारायच्या आदी नट आवळायची सवयच लागली. फोरमनची पोर बसनार म्हनल्यावर हात कसा ढिला ऱ्हाईल? बाग बंद पडंस्तोवर कोनाला खरचटलं नाय. तुज्या बासारका मानूस व्हनार नाय." मी म्हटलं, त्यांनी स्वतः तपासायचे ना नट. "येवडे नट येकट्यानं कवा तपासनार? आनि तपासले असते तर आमच्यावर इश्वास नाय असं झालं असतं ना गं." मग त्यांनी स्वतः बसायचं होतं, मी म्हटलं. त्यावर काका म्हणाले, "तू यायची थांबल्यावर तोच बसायचा, ब्रेक माज्या हातात देऊन. पन आदी तो बसला असता तर आमाला कसलं भ्या? तो आमच्यातलाच."

काकांच्या लेखी ही तुमची थोरवी आहे. त्यांनी ती मला प्रसादासारखी हातावर ठेवली. त्या चौघांची अब्रू राहिली, पोटं राहिली, रविवारची शेकडो माणसं धडधाकट घरी गेली. सगळं खरं असेल. पण त्या सगळ्यांना सांभाळायला तुम्ही काय वापरलंत? मला वापरलंत. माझ्या पोटाशी गाठ मारताना तुम्हाला माहीत होतं की वर एखादा नट ढिला असू शकतो. पहिल्या रविवारी तुम्ही थांबलात, ठीक. पण त्यानंतरच्या रविवारी? त्याच्या पुढच्या? तेव्हा तुम्ही वर जाऊन बघत नव्हता, त्यांच्या खडूच्या रेघांवर भरवसा ठेवून साखळी सुरू करत होता. ज्या रेघा खोट्या निघाल्या होत्या, त्याच रेघांवर.

आणि तुम्हाला माहीत होतं याचा पुरावा माझ्याकडेच होता, इतकी वर्षं, मीच त्याचा वेगळा अर्थ लावून बसले होते. एका रविवारी मी माझ्या मैत्रिणीला घेऊन आले होते, आठवतंय? शेजारच्या आळीतली, चौथीपासूनची. तिला मी कबूल केलं होतं की तुला माझ्याबरोबर पहिल्या फेरीत बसवते. ती मोराच्या डब्यात माझ्या शेजारी बसली. तुम्ही ब्रेक सोडून आलात आणि तिला दंडाला धरून खाली उतरवलंत. सगळ्यांसमोर. "दुसऱ्याचं पोर नाय बसवायचं. परत आनलंस तर तंगडं मोडीन." माझ्यावर तुमचा आवाज तेवढा एकदाच चढला. ती रडत घरी गेली आणि नंतर कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, आबा आपले कोत्या मनाचे. आपल्या पोरीचा मान दुसरीला द्यायला त्यांचा जीव होत नाही. मला तेव्हा तुमची लाजही वाटली होती आणि आतून थोडं बरंही वाटलं होतं. परवा त्या कठड्यावर बसून मला तुमचं ते वाक्य परत ऐकू आलं. दुसऱ्याचं पोर नाय बसवायचं. माझं चालेल.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मी हातपाय न धुता तिच्यासमोर बसले आणि विचारलं, तुला माहीत होतं? तिने मान वर केली नाही. "म्हायती व्हतं. पयल्या रविवारी नाय, नंतर. त्या फिटरच्या बायकोनं नळावर सांगितलं." मग? "मंग काय? भांडले. आठ दिस बोलले नाय. तो म्हनला, माजीच नाय बसवली तर कोनाची बसवू?" मी म्हटलं, आणि तू ऐकून घेतलंस? मला धरून ठेवायचं नाही? ती म्हणाली, "तुला? तू पाटं उठून रिबिनी बांधून दारात उबी. तुला धरून काय सांगू, तुजा बा तुला कशाला नेतो ते सांगू?" वाल सोलत सोलतच तिने सांगितलं की रविवारी मी घरी येईपर्यंत ती पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, सूर्याचा उपास आहे. तिनेही तसंच वाटू दिलं. मी सातवीत गेल्यावर एकदा म्हटलं की मला आता त्या गाडीचा कंटाळा येतो, तेव्हा तुम्ही "बरं" म्हणालात आणि त्याच आठवड्यात कर्जतहून लाल सायकल आणलीत. वाढदिवस नाही, सण नाही. मी कारण विचारलं नव्हतं. आई म्हणाली, त्या रविवारी तुम्ही दोघं एका ताटात जेवलात.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण त्याआधी माझा संताप झाला. दोघांनाही माहीत, सगळ्या आळीला माहीत, नळावर माहीत, आणि मी एकटी वेड्यासारखी मिरवत होते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चैन म्हणून जे मी माझ्या मुलीला दहा वेळा सांगितलं, लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं, ते काय होतं! मला तुम्हाला एकच विचारायचं होतं. गाठ मारताना तुमच्या मनात काय असायचं? तुम्ही हिशेब करायचात का, की हे चौघं, ती रांगेतली माणसं एका बाजूला, आणि ही एक दुसऱ्या बाजूला? की माझ्याकडे बघवत नसे म्हणून ती गाठ इतकी घट्ट मारायचात? तुमची होते मी, की कोणतं तरी हत्यार होते, पान्यासारखं? एवढं कळलं असतं तर मी गप्प बसले असते. हाच जाब विचारायला मी वही उघडली.

पण वरती मी एक अर्धा तास गाळला आहे. काकांचं बोलणं संपलं आणि मी आईसमोर जाऊन बसले, असं मी लिहिलं. मधला दिवस होता, सहल होती, चाळीस मुलं होती. ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं होईल, आणि तसंही ते या वहीतून कुठे जाणार नाही.

दहा वाजता फाटक उघडलं. मुलं सुटली ती सरळ नव्या गाडीपाशी. रांगेत आम्हीच पहिले. माझ्या पिशवीत चाळीस पालकांच्या सह्यांची संमतिपत्रं, आणि डोक्यात काकांचे शब्द अजून ओले. "मॅडम मी, मॅडम मी," नुसता गलका. कळंबच्या मुलीने दोरी सोडली आणि विचारलं, "मॅडम, पयलं कोन?" आणि मी, जिने पंधरा मिनिटांपूर्वी तुम्हाला मनातल्या मनात पिंजऱ्यात उभं केलं होतं, ती मी मुलांमध्ये शिरले, माझ्या मुलीचं मनगट धरलं, तिला घेऊन आले आणि पहिल्या जागेवर बसवलं. पट्टा मी स्वतः ओढून बघितला. बाकीचे शेजारी बसायला धावले, त्यांना मी हाताने मागे सारलं. "तुम्ही पुढच्या फेरीला." कळंबची मुलगी म्हणाली, "येकटीच?" मी म्हटलं, हो, एकटीच. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं.

त्या गाडीला माझ्या मुलीची काही गरज नव्हती, आबा. तिथे कोणी भावकीतला नव्हता, कोणाची अब्रू सांभाळायची नव्हती. पुतळे तीनदा जाऊन आले होते, स्टाफ जाऊन आला होता, काँप्युटर होता. तिला बसवून एकाही माणसाचा हात जास्त नीट चालणार नव्हता. तुमच्या करण्याला निदान काही अर्थ होता. माझ्या करण्याला तोही नव्हता. तरी मी बसवलं, आणि विचार करून नाही. तुम्हाला जे विचारायला मी वही उघडली होती, त्याचं उत्तर मला तिथेच मिळालं होतं. मनात काहीही नसतं. दुसऱ्याची लेकरं आपल्या भरवशावर उभी असतात आणि हात आपल्याच पोरीकडे जातो. मन मागून येतं, गाडी सुटल्यावर. ती वर उलटी झाली तेव्हा मी कठडा धरून उभी होते. मिनिटभराची फेरी असेल. तुम्ही अशा किती उभं राहून पाहिल्यात ते मोजायला मी धजत नाही.

ती खाली आली ती केस विस्कटलेले, गाल लाल. मॅडम म्हणायचं साफ विसरली. "आई! अख्ख्या शाळेत पहिली मी!" असं ओरडत येऊन मला मिठी मारली. बसमध्ये मैत्रिणींना तेच, घरी आल्यावर आजीला तेच. आईने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि वालाच्या साली गोळा करून उठून गेली.

काल मी पोळ्या लाटत होते तेव्हा ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आई, सगळ्या हात वर करत होत्या, मी तर केलाही नव्हता. मग मलाच का घेतलंस?" मी म्हटलं, "अगं, तूच समोर दिसलीस." तेवढ्यावर तिचं समाधान झालं. ती समोर नव्हती, आबा. ती सगळ्यात मागे पाठमोरी उभी होती, चपलेचा पट्टा लावत, आणि मी बाकीच्या सगळ्यांना बाजूला सारत तिच्यापर्यंत गेले होते.